नातवाला सांभाळणे आता झेपत नाही, हे मुलाला आणि सुनेला कसे सांगावे?

निवृत्त_डोंबिवलीकर

नमस्कार. येथे मी बहुतेक वेळा केवळ वाचक असतो. परंतु गेले पंधरा दिवस एक विषय मनात घोळतो आहे आणि घरात तो काढता येत नाही, म्हणून येथे मांडतो.

माझे वय ६९, पत्नीचे ६६. चिरंजीव आणि सूनबाई दोघेही मुंबईत नोकरी करतात. सूनबाईंची प्रसूतिरजा संपली तेव्हा नातू साडेपाच महिन्यांचा होता. पुढे त्याला आम्ही सांभाळायचे, हे कोणी ठरवले असे म्हणता येणार नाही. ते जणू ठरलेलेच होते. आता तो १६ महिन्यांचा आहे. दोघे सकाळी साडेसातला बाहेर पडतात आणि लोकलने साथ दिली तर संध्याकाळी पावणेआठपर्यंत परततात. म्हणजे आठवड्यातून पाच दिवस, रोज बारा तास मूल आमच्याकडे असते. शनिवारी सूनबाईंना कधी कधी अर्धा दिवस असतो, तेव्हा तोही आमच्याकडेच धरावा.

नातू अतिशय गोड आहे, हे वेगळे लिहायला नको. परंतु तो आता चालतो, किंबहुना पळतो, आणि त्याचे वजन साडेदहा किलो आहे. पत्नीच्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया करावी असे डॉक्टरांनी गेल्या वर्षीच सांगितले होते. ती आम्ही दोनदा पुढे ढकलली. सूनबाई समंजस आहेत, आल्या आल्या मूल घेतात, सासूला बसा म्हणतात. सूनबाईंनी एकदा बाई ठेवण्याचा विषय काढलाही होता, तेव्हा पत्नीनेच 'घरात दोन माणसे असताना परकी बाई कशाला' म्हणून मोडता घातला. आता कोणत्या तोंडाने सांगावे, हा पहिला प्रश्न.

दुसरी गोष्ट लिहायला जड जाते. गेल्या मंगळवारी दुपारी पत्नीला डुलकी लागली आणि मी दाराशी आलेल्या गॅसवाल्याशी बोलत होतो. चार-पाच मिनिटांचा अवधी असेल. परत येऊन पाहतो तो नातवाने माझी आठवड्याच्या गोळ्यांची डबी उघडून जमिनीवर ओतली होती आणि मुठीत एक गोळी धरली होती. मधुमेहाची. मोजून पाहिल्या, सगळ्या मिळाल्या. आम्ही दोघांनी हे अद्याप मुलाला सांगितलेले नाही.

सांभाळण्यातून पूर्ण अंग काढून घ्यावे असे आम्हाला वाटत नाही. पण आहे तसे पुढे चालणार नाही, हे मला कळून चुकले आहे. अनुभवी मंडळींनी मार्ग सुचवावा.

हिरवा_चाफा

काका, आपण प्रामाणिकपणे लिहिलेत याबद्दल आधी आभार. आमच्या घरी हेच सगळे न बोलता दोन वर्षे चालले आणि शेवटी भांड्यांच्या आवाजातून बाहेर पडले. माझा सल्ला एवढाच की शस्त्रक्रियेची तारीख आधी घ्या आणि मग ती तारीख घरात सांगा. तारीख समोर असली म्हणजे 'झेपत नाही' हे तक्रारीसारखे ऐकू येत नाही, त्याची व्यवस्था करावी लागते.

जुनं_ते_सोनं

हल्ली प्रत्येक गोष्टीचे तास मोजण्याची पद्धत आली आहे. आमच्या आजीने अकरा नातवंडे वाढवली, तीही चुलीवरचा स्वयंपाक सांभाळून. तिने कधी 'झेपत नाही' म्हटल्याचे आठवत नाही. नातवाच्या सहवासासारखे सुख नाही आणि पाळणाघरात टाकलेल्या मुलाला घरच्या माणसांची ओढ राहत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. फार तर गावाकडून एखादी बारा-तेरा वर्षांची मुलगी आणून ठेवावी. तिचेही पोट भरते आणि मुलालाही खेळायला सोबत होते. पूर्वी सर्रास असे करत असत.

अर्धी_पोळी

वरच्या प्रतिसादातील शेवटची सूचना कोणीही गंभीरपणे घेऊ नये. चौदा वर्षांखालील मुलांना घरकामाला ठेवण्यावर १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी आहे आणि २०१६ च्या दुरुस्तीनंतर तर त्या वयाच्या मुलांना कोणत्याच धंद्यात कामाला ठेवता येत नाही. स्वतःच्या कुटुंबाला शाळेव्यतिरिक्तच्या वेळेत मदत करणे आणि कलाकार म्हणून काम करणे, एवढेच अपवाद आहेत. कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी जिला स्वतःलाच कोणीतरी सांभाळायला हवे, तिच्या कडेवर दुसऱ्याचे मूल देणे हे मुळात चूक आहे. घशात काही अडकले तर ती काय करणार?

आता अकरा नातवंडांविषयी. माझी आजीही अशाच घरातली. परंतु त्या घरात आजीखेरीज दोन काकू, एक विधवा आत्या, वरच्या माडीवरचे भाडेकरू आणि दहा-बारा वर्षांच्या थोरल्या बहिणी होत्या, ज्यांच्या काखेत धाकटी भावंडे दिवसभर असत आणि त्यापायी त्यांतल्या काहींची शाळा सुटली. 'आजीने वाढवली' असे आपण म्हणतो तेव्हा बाकीचे सगळे हात मोजत नाही. दोन खोल्यांच्या बंद सदनिकेत दोन वृद्ध माणसे आणि एक पळते मूल, अशी व्यवस्था आपल्याकडे परंपरेने कधीच नव्हती. ही नवी गोष्ट आहे आणि तिला संस्कृतीचे नाव दिले जाते.

काका, आणखी एक सांगते, राग मानू नये. आपल्या लेखात सूनबाई चार-पाच वेळा आल्या आहेत. त्या समंजस आहेत, त्या आल्या आल्या मूल घेतात, त्यांनी विषय काढला होता. चिरंजीव मात्र नोकरीला जातात आणि परत येतात, याखेरीज त्यांच्याविषयी काहीही कळत नाही. मूल त्यांचेही आहे. आपल्याला बोलायचे आहे ते बहुधा त्यांच्याशी.

उंबरठा

अर्धी_पोळी यांच्या शेवटच्या परिच्छेदाला पूर्ण अनुमोदन, आणि तेही मी मुलाच्या जागी असताना.

माझी मुलगी दोन वर्षांची होईपर्यंत आईने सांभाळली. मी रोज संध्याकाळी घरी येऊन विचारत असे, 'त्रास नाही ना दिला?' आणि आई म्हणत असे, 'छे, गुणाची आहे.' या एका प्रश्नावर आणि एका उत्तरावर मी दीड वर्ष निश्चिंत होतो. आई स्वयंपाकघरात चक्कर येऊन पडली तेव्हा कळले की रक्तदाबाची तपासणी तिने सात महिने केली नव्हती, कारण दवाखाना सकाळी दहा ते बारा उघडा असे आणि त्या वेळी मुलीची आंघोळ आणि झोप असे. मला आईचा राग आला नाही असे नाही. आला, आणि तो तिने दमल्याचा नव्हता, तर मला न सांगण्याचा होता. पुढे लक्षात आले की माझा प्रश्नच असा होता की त्याला दुसरे उत्तर देता येत नव्हते.

त्यामुळे काका, गोळीची गोष्ट मुलाला आजच सांगा, आणि त्याला आणि सूनबाईंना एकत्र बसवून सांगा. ती लपवण्यात आपला हेतू वाईट नाही, परंतु पुढे कधी ती दुसऱ्या मार्गाने कळली तर मुलाचा विश्वास तिथे जो तुटेल तो सांधणे कठीण जाईल.

बालरोग_कक्ष

मी सांगलीकडे एका रुग्णालयाच्या बालरोग विभागात परिचारिका म्हणून बरीच वर्षे काम करते आहे. गोळीविषयी थोडे सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण वरच्या प्रतिसादांत ती केवळ कौटुंबिक बाब म्हणून आली आहे.

मधुमेहाच्या काही गोळ्या, विशेषतः ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड या जातीच्या, अशा असतात की एवढ्या लहान मुलाने एकच गिळली तरी त्याच्या रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. ती लगेचच उतरेल असे नाही. मूल काही वेळ अगदी खेळते-हसते दिसेल आणि कित्येक तासांनी मलूल पडेल. म्हणून गोळी गिळल्याची नुसती शंका असली तरी 'बरे दिसते आहे, वाट पाहू' असे करू नये. उलटी करवण्याचा प्रयत्न करू नये, मिठाचे पाणी पाजू नये. गोळ्यांची पाकिटे सोबत घेऊन तडक रुग्णालय गाठावे. वाहन नसेल तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. रक्तदाबाच्या आणि हृदयाच्या काही गोळ्यांचेही असेच आहे. आपल्या मोजणीत सगळ्या गोळ्या मिळाल्या हे नशीब. ती आठवड्याची प्लास्टिकची डबी मोठ्यांच्या सोयीसाठी केलेली असते, मुलाला न उघडण्यासाठी नव्हे, हे आजी-आजोबांच्या घरात फार विसरले जाते. कुलूप लागणाऱ्या कपाटात आणि डोक्याच्या वर, एवढा एकच नियम पाळावा. पाहुण्यांच्या पर्ससुद्धा जमिनीवर राहू देऊ नयेत.

ज्येष्ठांकडे मूल असते तेव्हा आणखी एक चूक मी वारंवार पाहते, ती तापाच्या औषधाची. पॅरासिटामॉलच्या थेंबांच्या बाटलीत साधारणतः एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम औषध असते, तर पातळ औषधाच्या मोठ्या बाटलीत ५ मिलिलिटरमध्ये १२० किंवा १२५, आणि काहींत २५० मिलिग्रॅम असते. सूनबाई दूरध्वनीवर 'पाच एमएल द्या' असे मोठी बाटली डोळ्यांपुढे आणून सांगतात आणि आजोबा चश्मा न लावता थेंबांची बाटली उचलतात. त्या बाटलीतले ५ मिलिलिटर म्हणजे ५०० मिलिग्रॅम, म्हणजे मोठ्या माणसाची एक अख्खी गोळी. घरात एकाच प्रकारची बाटली ठेवावी आणि मुलाच्या सध्याच्या वजनाला किती द्यायचे ते डॉक्टरांकडून लिहून घेऊन तो कागद बाटलीलाच चिकटवावा. वजन वाढले की कागद बदलावा.

घशात अडकण्याचे म्हणाल तर आमच्याकडे शेंगदाणे, फुटाणे, चिंचोके आणि सीताफळाच्या बिया ही नेहमीची मंडळी. यांतले बरेचसे आजोबांच्या खिशातून किंवा आजीच्या वाटीतून आलेले असते आणि प्रेमानेच दिलेले असते. चार-पाच वर्षांपर्यंत अख्खा दाणा देऊ नये, कूट द्यावे. अडकलेच आणि मूल खोकत, रडत असेल तर त्याला खोकू द्यावे. आवाज बंद झाला तर एक वर्षाखालील मुलाला हातावर पालथे घालून, डोके खाली ठेवून, पाठीवर खांद्यांच्या मध्ये पाच थापा आणि मग उताणे करून छातीच्या मध्यावर दोन बोटांनी पाच दाब. एक वर्षावरील मुलाला पाठीवरच्या थापांनंतर मागून बेंबीच्या वर दाब देतात. दिसत नसलेल्या वस्तूसाठी घशात बोट घालू नये, ती आणखी आत जाते. हे वाचून येत नाही, एकदा कोणाकडून तरी प्रत्यक्ष शिकून घ्यावे. मूल सांभाळणारी घरातली सगळी माणसे शिकली पाहिजेत.

न्हाणीघरातील भरलेली बादली रात्रीच रिकामी करून पालथी घालावी. चालायला लागलेले मूल तोंडघशी बादलीत पडले तर त्याला स्वतःला वर उचलून घेता येत नाही आणि त्याचा आवाजही होत नाही.

निवृत्त_डोंबिवलीकर

बालरोग_कक्ष ताई, आपला प्रतिसाद मी पत्नीला मोठ्याने वाचून दाखवला. ती डबी आज माळ्यावर गेली. माझी गोळी ग्लिमेपिराइडचीच आहे. वाचताना हात थरथरला, हे कबूल करतो.

मुलाला रविवारी सांगायचे ठरवले आहे. तोपर्यंत पुढच्या व्यवस्थेविषयी काही हाती असावे असे वाटते. घरी बाई ठेवावी की पाळणाघर पाहावे, यावर अनुभव लिहावेत. सूनबाईंच्या कार्यालयात पाळणाघर असल्याचे एकदा ऐकले होते. अंगणवाडीचाही विचार मनात आला होता.

अर्धी_पोळी

अंगणवाडीचा आपल्याला उपयोग होणार नाही. ती १९७५ पासूनच्या एकात्मिक बालविकास योजनेतली सोय आहे, पोषण आहार आणि लसीकरण यांसाठी ती मोलाची आहे, परंतु तेथे बसून शिकणारी मुले तीन ते सहा वर्षांची असतात आणि वेळ काही तासांचाच असतो. नोकरदार आईबापांच्या बारा तासांसाठी ती योजलेलीच नाही. काही ठिकाणी अंगणवाडीला जोडून पाळणाघरे सुरू करण्याची योजना आली आहे, आपल्या प्रभागात चौकशी करून पाहायला हरकत नाही.

कार्यालयातील पाळणाघराचे असे आहे की २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्तीने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय करणे बंधनकारक केले आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाण्याची मुभा दिली. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती तरतूद आहे. कागदावर सुरेख. आता डोंबिवलीहून सकाळच्या गर्दीच्या लोकलमध्ये साडेदहा किलोचे मूल, त्याचा डबा, लंगोटांची पिशवी आणि स्वतःची पर्स घेऊन चढून दाखवावे. आमच्या कचेरीतील पाळणाघर मी तीन दिवस वापरले. चौथ्या दिवशी मुलगा आणि मी दोघेही रडत होतो. सोय कामाच्या ठिकाणापेक्षा घराच्या चालत्या अंतरावर हवी, हे मला त्या तीन दिवसांनी शिकवले.

हिरवा_चाफा

घरी बाई ठेवण्याचा आमचा अनुभव बरा आहे, परंतु एक गोष्ट आम्ही सुरुवातीला चुकलो. मूल सांभाळायला ठेवलेल्या मावशींना आम्ही हळूहळू भाजी निवडणे, कपडे वाळत घालणे, मग पोळ्या अशी कामे सांगत गेलो. आपण भाजीचे पैसे देत नाही आणि मुलावरचे लक्ष मात्र काढून घेतो, हे मावशींनीच एकदा ऐकवले. तेव्हापासून त्यांच्याकडे फक्त मूल. आठवड्याची सुट्टी, सणांच्या रजा आणि त्या आजारी पडल्या तर काय, हे आधीच बोलून ठेवावे. ओळखपत्राची प्रत घ्यावी आणि पोलीस ठाण्यात नोंद करावी. त्यात अविश्वास नाही, आमच्या मावशींनी स्वतःहून छायाचित्र काढून आणले होते.

काका, आपण दोघे घरी असताना मावशी येणार असतील तर ती सर्वांत सुरक्षित व्यवस्था ठरेल. उचलणे, आंघोळ, पाठीमागे पळणे त्यांचे. गोष्टी सांगणे, भरवणे, खिडकीतून गाय दाखवणे आपले.

जर्सीतला_सांगलीकर

येथील चित्र थोडे वेगळे आहे, म्हणून लिहितो. न्यू जर्सीत आमच्या ओळखीच्या कित्येक मराठी घरांत मूल झाले की आधी सहा महिने मुलीचे आईवडील आणि ते परतले की सासूसासरे, असा फेरा चालतो, कारण पर्यटक म्हणून आलेल्यांना येथे साधारणतः एका वेळी सहा महिने राहता येते. आम्हीही तेच केले. सकाळी आम्ही गाडीने निघून गेलो की बाबांना गाडी चालवता येत नाही, बाहेर बर्फ, शेजारी कोणी ओळखीचे नाही. डोंबिवलीत निदान जिन्यात कोणीतरी भेटते. आईने एकदा सहज म्हटले, 'इथे मी नातीशीच दिवसभर बोलते, आणि तिला अजून बोलता येत नाही.' त्यानंतर आठवड्यातले तीन दिवस मुलीला येथील पाळणाघरात घातले. ते महाग आहे, पगाराचा मोठा लचका तोडते. तरी पुढच्या खेपेस आईबाबा आले ते पाहुणे म्हणून आले, आणि त्या दोन महिन्यांतले आईचे हसणे मला अजून आठवते.

जुनं_ते_सोनं

मुलीला ठेवण्याविषयीची सूचना मी मागे घेतो. कायदा मला ठाऊक नव्हता असे नाही, पण त्या दृष्टीने विचार केला नव्हता. आजीचा मुद्दा मात्र मला अद्याप पूर्ण पटलेला नाही. आमची आजी दमत असेलही, परंतु तिला नातवंडांचा कंटाळा नव्हता.

उंबरठा

कंटाळा कोणालाच नाही. धाग्यात तो शब्द आपणच प्रथम वापरलात.

पाळणाघरवाली_नाशिक

उशिरा येत आहे, दिवसभर वेळ मिळत नाही. मी बावीस वर्षे घरातच पाळणाघर चालवते. जाहिरात करायची नाही, म्हणून ठिकाण लिहीत नाही.

काकांनी पाळणाघर पाहायला जावे तर दुपारी साडेबारा ते दीडच्या दरम्यान, न कळवता जावे. त्या वेळी जेवणे आणि झोपा एकत्र येतात आणि त्या बाईंचा खरा स्वभाव तेव्हा दिसतो. सकाळी दहाला सगळीच पाळणाघरे छान असतात. न कळवता आलेल्या पालकांना जी बाई दारात थांबवते तिच्याकडे मूल ठेवू नये. भिंतीवरची चित्रे पाहू नयेत, न्हाणीघर आणि उष्टी भांडी पाहावीत. दोन वर्षांखालील किती मुले आहेत आणि त्यांना किती बायका आहेत, हे विचारावे. माझ्याकडे अशा चार मुलांमागे एक बाई आहे, आणि पाचवे मूल घेण्यासाठी ओळखीपाळखीच्या लोकांचा दबाव येतो तेव्हा नाही म्हणणे हाच या धंद्यातला सर्वांत कठीण भाग आहे. दूरचित्रवाणी चालू दिसली तर तो प्रश्न तेथेच संपला. दोन वर्षांखालील मुलाला पडदा नकोच, असे बालरोगतज्ज्ञांच्या संघटना सांगतात. माझे कारण त्याहून साधे आहे: पडद्यापुढे मूल जेवते, पण काय जेवले ते त्याला कळत नाही आणि दुसऱ्या दिवशी पडद्याशिवाय तोंड उघडत नाही.

आता मूल रमवण्याविषयी. येथे बहुतेक पालकांची घाई होते. १६ महिने हे वय नेमके माणसे ओळखण्याचे आणि आपले माणूस नजरेआड झाले की घाबरण्याचे आहे, त्यामुळे ते रडणार. पहिले तीन दिवस काकांनी स्वतः एक तास त्याच्याबरोबर बसावे आणि त्याला घेऊन परत जावे. चौथ्या दिवशी अर्ध्या तासासाठी बाहेर जावे. जाताना 'मी जाऊन येतो' असे त्याला तोंडावर सांगून जावे. मूल खेळात गुंगले की मागच्या दाराने सटकणारे पालक मला अजिबात चालत नाहीत, कारण मग ते मूल दिवसभर दाराकडे पाहत बसते. एवढे करून दोन आठवडे लागतील असे धरावे. आजीची वापरलेली, न धुतलेली एक ओढणी किंवा मऊ साडीचा तुकडा सोबत द्यावा. झोपताना त्याचा वास पुरतो.

पहिले काही महिने सर्दी, खोकला, ताप हे चालणारच, कारण ते प्रथमच इतर मुलांच्या सहवासात येते. त्या दिवशी ते घरी राहील आणि तुम्हालाच सांभाळावे लागेल, किंवा आईबापांपैकी कोणाला तरी रजा घ्यावी लागेल. कोणाला, हे आधी ठरवा. माझा अनुभव असा की वडील स्वतः रजा घेऊन आले असे प्रसंग मला बोटांवर मोजता येतात. गेल्या पाच-सहा वर्षांत थोडे वाढले आहेत, हेही प्रामाणिकपणे सांगते.

आणि ते बसून फिरायचे चाकांचे गोल वॉकर घरात असेल तर देऊन टाका. कॅनडात त्यांच्या विक्रीवर २००४ पासूनच बंदी आहे. आपला लाकडी पांगुळगाडा बरा, मूल स्वतःच्या पायांवर उभे राहून तो ढकलते.

निवृत्त_डोंबिवलीकर

रविवारी बोलणे झाले, ते येथे लिहिणे माझे कर्तव्य आहे.

मी आधी गोळीची गोष्ट सांगितली. चिरंजीव काही क्षण काहीच बोलले नाहीत. सूनबाईंच्या डोळ्यांत पाणी आले आणि मला वाटले की आता आमच्यावर राग निघणार. त्या म्हणाल्या, 'बाबा, मागच्या महिन्यात तो माझ्यासमोर पलंगावरून पडला होता, मी तुम्हाला सांगितले नाही.' आम्ही चौघेही एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होतो, असे निघाले. मग पत्नीने स्वतःच्या तोंडाने गुडघ्याचे सांगितले. ती ते कधी सांगेल असे मला वाटले नव्हते.

ठरले ते असे. शस्त्रक्रिया पुढच्या महिन्याच्या २० तारखेला आहे. आमच्या इमारतीपासून सात मिनिटांच्या अंतरावर एक पाळणाघर आहे, तेथे मी गुरुवारी दुपारी पाऊण वाजता न कळवता गेलो. बाईंनी आत बोलावले आणि हात धुवायला सांगितले. सात मुले होती, दोन वर्षांखालील तीन आणि बायका दोन. न्हाणीघरात बादली पालथी होती. नातू तेथे सकाळी साडेनऊ ते दुपारी चार राहील. सकाळी चिरंजीव त्याला सोडून दोन तास उशिरा कामावर जातील आणि त्या बदल्यात संध्याकाळी उशिरापर्यंत थांबतील. त्यांच्या वरिष्ठांनी हे मान्य केले. चारला मी आणेन. चार ते सात त्याला सांभाळण्यास माझी मुळीच ना नाही, उलट त्या तीन तासांसाठीच मी दुपारी झोपतो. शस्त्रक्रियेनंतरचे सहा आठवडे एक मावशी येतील, त्या पत्नीसाठी. मुलाला ताप आला तर पहिली रजा चिरंजीवांची, दुसरी सूनबाईंची, असे कागदावर लिहून शीतकपाटाला लावले आहे. अर्धी_पोळी ताईंचा प्रतिसाद मी चिरंजीवांना दाखवला होता, हे येथे सांगून टाकतो.

अर्धी_पोळी

अरे बापरे. त्यांनी फार मनावर घेतले नाही ना?

निवृत्त_डोंबिवलीकर

घेतले. म्हणूनच तो कागद त्यांच्या हस्ताक्षरात आहे.

एक शंका राहिली आहे, नाशिकच्या ताईंसाठी. रमवण्याचे दिवस आपण सांगितले तसेच पार पडले. आता दहावा दिवस आहे. बाई सांगतात की तो दिवसभर खेळतो, वरणभात जेवतो, झोपतोही. परंतु चार वाजता मला दारात पाहिले की धाय मोकलून रडू लागतो. जिना उतरेपर्यंत रडतो. येणारे-जाणारे माझ्याकडे पाहतात. बाई खरे सांगत नसतील का, अशी शंका मनाला चाटून जाते.

पाळणाघरवाली_नाशिक

बाई खरेच सांगत असतील. माझ्याकडेही चारपैकी दोन मुले हेच करतात. दिवसभर त्याने स्वतःला सांभाळलेले असते आणि आपले माणूस दिसले की ते सगळे सुटते. परक्या माणसापुढे मूल असे रडत नाही. तरी शंका आहे तर एक दिवस तीन वाजता जा आणि दाराबाहेर थांबून आतला आवाज ऐका, त्यात गैर काही नाही.

आणि आपण त्याला आल्या आल्या उचलून लगेच निघता का? तसे करू नका. चपला काढून पाच-दहा मिनिटे तेथेच खाली बसा. त्याला आपल्याला काहीतरी आणून दाखवायचे असते, डबा, मोडकी गाडी, कोणाचा तरी बूट. ते पाहून झाले की मग तोच दाराकडे निघतो.

निवृत्त_डोंबिवलीकर

आज बसलो. चमचा दाखवला.